तेरा पॉइंट एक

“समज, तुझ्या हातात जुनं चावीचं स्टॉपवॉच आहे,” धाकटी म्हणाली. “त्याचा काटा सेकंदात पाचच उड्या मारतो. बटण दाबलंस की उत्तर तेरा येईल, तेरा पॉइंट दोन येईल, तेरा पॉइंट चार येईल. तेरा पॉइंट एक कधी येणारच नाही. आणि कोणी तेरा पॉइंट एक लिहिलं असेल, तर ते घड्याळानं सांगितलेलं नाही, ते...” एवढं बोलून ती थांबली. मार्करचं टोक फळ्यावर टेकलेलं तसंच राहिलं आणि त्याच्याखाली निळा ठिपका पसरत गेला. समोर बसलेल्या सहकाऱ्यानं, ज्याला सगळं ऑफिस नॅनो म्हणत असे, चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, “ते काय?” “ते माणसानं सांगितलेलं आहे,” ती म्हणाली, पण तिचा आवाज तिलाच शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. उदाहरण तिनं सहज घेतलं होतं. आकडाही सहज तोंडात आला होता, म्हणजे आपण सहज समजतो तसा. खरं तर तो एकतीस वर्षं तोंडाशीच होता. तेरा पॉइंट एक, शंभर मीटर. पडलेल्या दाताच्या खाचेत जीभ जावी तसं तिचं मन अधूनमधून त्या आकड्याकडे जाऊन यायचं. आणि एवढ्या वर्षांत, घड्याळांचाच धंदा करूनही, तो आकडा त्या घड्याळातून निघणंच शक्य नव्हतं हे तिला एकदाही सुचलं नव्हतं.

घरात तिला नावानं कोणी हाक मारली नाही. धाकटी ती धाकटीच राहिली, शेहेचाळीस वर्षांची झाली तरी. ऑफिसात तिच्या माघारी तिला घड्याळवाली म्हणत आणि त्यात थट्टा कमी, धाक जास्त होता. गेली अकरा वर्षं ती एक लायब्ररी सांभाळत होती. पुस्तकांची नव्हे, दुसऱ्या प्रोग्रामरांनी उचलावा आणि आपल्या कामात जोडावा असा तयार कोड. तिच्या लायब्ररीचं काम एकच, वेळ मोजणं. किती वाजले ते नाही, किती वेळ गेला ते. ऐकणाऱ्याला वाटे, यात सांभाळायचं काय? शेवटातून सुरुवात वजा केली की झालं. नव्या माणसाला ती मग लिफ्टची गोष्ट सांगायची. कोणी एकानं दार पाच हजार मिलिसेकंद उघडं ठेव असं मनात म्हटलं आणि लिहिताना नुसतं पाच हजार लिहिलं; वाचणाऱ्या कोडनं ते सेकंद समजून घेतले. दार एक तास तेवीस मिनिटं उघडं राहिलं आणि माणसं जिन्यानं गेली. म्हणून नुसता आकडा कधी हातात द्यायचा नाही, त्याच्याबरोबर त्याचं माप द्यायचं. दुसरी गोष्ट दोन घड्याळांची. एक भिंतीवरच्यासारखं, जे कोणीही येऊन मागेपुढे करतं. त्यावर भरवसा ठेवला तर एखादं काम सुरू होण्याआधीच संपलेलं दिसतं. दुसरं घड्याळ यंत्राच्या पोटात असतं. किती वाजले हे त्याला ठाऊक नसतं, आणि ते मागे कधीच जात नाही. या दुसऱ्या घड्याळावर तिचा जीव होता. काही माणसं तशी असतात असं तिला वाटे, आणि आपण त्यांच्यातले आहोत असंही वाटे.

त्या दिवशी सकाळी आलं होतं ते एका दवाखान्यातल्या तंत्रज्ञ बाईंचं पत्र. स्मरण कमी होत चाललेल्या म्हाताऱ्या माणसांसमोर त्या एक दिवा लावायच्या; दिवा दिसला की बटण दाबायचं. किती वेळात दाबलं ते यंत्र सांगायचं, दशांशचिन्हापुढे नऊ घरं. त्यावरून कोण बरा, कोण घसरत चाललाय, कोणाला कुठल्या गटात टाकायचं ते ठरायचं. ‘मी नव्वद माणसं तपासली,’ बाईंनी लिहिलं होतं, ‘आणि नव्वदांत मिळून आकडे एकोणीसच. पुन्हापुन्हा तेच. माझी माणसं एवढी एकसारखी कशी?’ खाली त्यांनी आकडे दिले होते. शून्य पॉइंट दोन तीन चार तीन सात पाच, पुढे तीन शून्यं. मग शून्य पॉइंट दोन पाच. मग शून्य पॉइंट दोन सहा पाच सहा दोन पाच. धाकटीनं ते वाचले आणि खुर्चीतून उठलीच. त्या यंत्रातलं घड्याळ सेकंदात चौसष्टच पावलं टाकत होतं. एका पावलापासून दुसऱ्या पावलापर्यंत कोणी काहीही केलं तरी ते मधल्यामध्ये गडप. आणि तिची लायब्ररी, तिची स्वतःची, त्या ओबडधोबड पावलांवर नऊ घरांचा साज चढवून ते आकडे इस्त्री केल्यासारखे बाहेर पाठवत होती. नॅनोशी तिचं यावरूनच वाजत आलं होतं. तो म्हणे, “आपण नॅनोसेकंदात ठेवतो, पूर्णांकात ठेवतो. एक थेंब सांडत नाही.” ती म्हणे, “सांडत नाही कबूल, पण भांड्यात मुळात आहे किती?” आज तिच्या हातात पुरावा होता. ती फळ्याकडे धावली होती ती हे सांगायला, की आकड्याबरोबर त्याचं माप जातं तसं त्याच्या घड्याळाचं पाऊलही गेलं पाहिजे. हा माणूस त्या माणसापेक्षा हळू आहे हे सांगायचा हक्क घड्याळाला किती आहे, ते आकड्यानंच सांगितलं पाहिजे. तिचे कान तापले होते. एवढी खूश ती किती महिन्यांत झाली नव्हती. आणि या खुशीच्या भरात तिनं स्टॉपवॉचचं उदाहरण घेतलं.

“पटलं,” नॅनो म्हणाला. तो हरला की लगेच कबूल करायचा, हा त्याचा मोठा गुण. “पण तू पांढरी का पडलीस?” “मला आत्ता निघावं लागेल,” ती म्हणाली. “त्या बाईंना उत्तर तू लिही. लिही की माणसं एकसारखी नाहीत, आमचं चुकलं. गट पाडायचं काम थांबवा म्हणावं.” “घरी कोणी आजारी आहे का?” “नाही. एक आकडा चुकलाय.” नॅनोनं मान डोलावली, त्या ऑफिसात अर्ध्या दिवसाच्या सुट्टीला एवढं कारण पुरेसं होतं.

बाहेर ऊन होतं. बसला उशीर होता आणि तिला उभं राहवेना. ती एक थांबा चालली, मग दुसरा, मागून बस येतेय का ते मान वळवून बघत. पायांत काहीतरी जागं झालं होतं. पोटऱ्यांत तीच शिरशिरी, जी शर्यतीआधी चुन्याच्या रेषेमागे बोटं टेकवताना यायची. आणि आजूबाजूचं सगळं फार स्वच्छ दिसणं. चपलांच्या दुकानातली लटकवलेली जोडी, कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या पाटीवरचं सुटलेलं अक्षर, एका बाईच्या पिशवीतून बाहेर आलेली छत्रीची मूठ. ते स्टॉपवॉच तिच्या चांगलं ओळखीचं होतं. बाबा शाळेत खेळाचे शिक्षक. शाळेच्या कपाटात तशी दोन घड्याळं होती, आणि आदल्या दिवशी चावी द्यायचं काम धाकटीचं. ती कानाला लावून ऐकायची. टिकटिक इतकी दाट की मोजता यायची नाही, पण डोळ्यांनी मोजता यायची. दर दोन मोठ्या खुणांमध्ये चार बारीक खुणा, म्हणजे पाच घरं, आणि काटा त्यांच्यामध्ये कधीच थांबायचा नाही. हे सगळं तिला नऊ-दहा वर्षांची असल्यापासून माहीत होतं. आणि तेरा पॉइंट एक हेही पंधराव्या वर्षापासून माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात, एकाच छपराखाली राहणाऱ्या दोन अबोल भाडेकरूंसारख्या, एकतीस वर्षं जिन्यात एकदाही समोरासमोर न येता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, ती मनाशी म्हणाली, आणि तिला रस्त्यातच हसू आलं.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. ती निवडीची शर्यत होती. जिल्ह्यातून एक मुलगी मोठ्या शहरातल्या क्रीडा वसतिगृहात जाणार होती. राहणं, खाणं, शिकणं, धावणं, सगळं तिथे. शेवटच्या फेरीत सहा मुली आणि त्यातल्या दोघी बहिणी, सतरा वर्षांची ताई आणि पंधराची ती. रेषेवर पंच म्हणून बाबा, दोन हातांत दोन घड्याळं. डावं ताईसाठी, उजवं धाकटीसाठी; बाकीच्या मुलींना दुसरे शिक्षक. धाकटीला त्या धावण्यातलं फार थोडं आठवत होतं. पिस्तुलाचा आवाज, स्वतःच्या श्वासाचा आवाज, आणि डाव्या बाजूला अगदी खांद्याशी ताईचा खांदा, जो पुढेही जात नव्हता आणि मागेही पडत नव्हता. मग फळ्यावर लागलेला कागद, बाबांचं टपोरं अक्षर. ताई तेरा पॉइंट एक. धाकटी तेरा पॉइंट दोन. बाकी मुली तेरा सहाच्या पुढे. त्या कागदासमोर उभं राहून धाकटीनं एक दशांश सेकंद म्हणजे नेमकं किती, ते डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला होता. आणता आला नाही. हाताच्या बोटाइतका? पापणी मिटण्याइतका? महिनाभरानं ताई ट्रंक घेऊन गेली. धाकटीनं स्पाइकचे बूट धुतले, उन्हात वाळवले, आणि शेजारच्या मुलीला देऊन टाकले. मग गणित घेतलं, मग कॉम्प्युटर. लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शिकायला दूर गेली. ताई दोन वर्षांनी परत आली होती, गुडघा बांधलेला. आता ती एका गुडघ्यांच्या दवाखान्यात माणसांकडून व्यायाम करून घ्यायची आणि बाबांना सांभाळायची. दोघींमध्ये भांडण असं कधी झालं नाही. झालं असतं तर मिटलं असतं. वाढदिवसाला फोन, आजारपणात डबा, बोलताना एक प्रकारची स्वच्छता, जशी पाहुण्यांच्या खोलीत असते.

आता मी तिला जाऊन सांगणार, धाकटीच्या मनात आलं, की तो दशांश नव्हताच. आणि मग तिला तिच्या आनंदाला येणारा वास लागला. गोड होता, पण थोडा आंबूस. ती काही घेऊन जात नव्हती, घ्यायला निघाली होती. ताईकडे आयुष्यात जिंकलेलं असं एकच होतं, आणि ते परत मागायला तिची धाकटी बहीण अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून बसमध्ये बसली होती. एक थांबा आला. उतरून उलट जाता आलं असतं. समोरच्या बाकावरचा माणूस उतरला, त्याच्या जागी दुसरा बसला, आणि ती उतरली नाही. कारण त्या आंबूस वासाखाली दुसरं काहीतरी होतं, जास्त जोराचं, आणि ते ताईचं नव्हतं आणि तिचं स्वतःचंही नव्हतं. ते त्या तंत्रज्ञ बाईंच्या नव्वद माणसांचं होतं. एकोणीस खणांत कोंबलेली नव्वद माणसं. घड्याळाला जे माहीत नाही ते त्याच्या नावावर खपवायचं नाही, एवढं एकच मत तिनं अकरा वर्षं मांडलं होतं, आणि तिला ते मांडायला पगार मिळत होता. घरी येताना ते मत बाहेर चपलांबरोबर ठेवून कसं चालेल?

तिसऱ्या मजल्यावर दार ताईनंच उघडलं. दवाखान्याचा निळा कोट अजून अंगावर होता. दुपारी जेवायला आणि बाबांना औषध द्यायला ती घरी यायची. “तू? या वेळेला? काय झालं?” “काही नाही. बाबांना एक विचारायचंय.” “फोन मोडला का तुझा?” ताई म्हणाली, पण बाजूला झाली. बाबा गॅलरीत उन्हाला पाय करून बसले होते. एकोणऐंशी वर्षांचे, पाठ अजून सरळ, बोटं मात्र वळलेली. धाकटी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. “बाबा, शाळेतली ती दोन स्टॉपवॉचं. त्यांचा काटा एका सेकंदात पाच वेळा हलायचा, बरोबर?” “बरोबर. पाचव्या हिश्शाची घड्याळं ती. चांगली होती.” “मग ताईचं तेरा पॉइंट एक कुठून आलं?”

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज होत होता, तो थांबला. बाबांनी धाकटीकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते ओशाळेपण नव्हतं. एखाद्याची फार वेळ वाट पाहावी, आशा सोडून द्यावी, आणि मग तो दारात यावा, तसं काहीसं होतं. “एकतीस वर्षं झाली,” ते म्हणाले. “मला वाटायचं, पहिल्या आठवड्यात तू विचारशील. चावी तूच द्यायचीस. कोणी विचारलंच नाही.” “कुठून आलं?” “माझ्याकडून आलं. दोन्ही घड्याळं तेरा पॉइंट दोनवर होती. एकाच खुणेवर, दोन्ही.” त्यांनी दोन्ही मुठी पुढे केल्या, अंगठे वर. “सारखी वेळ लिहिली असती तर संध्याकाळी पुन्हा धावायला लावलं असतं, तुम्हा दोघींनाच. बाकी मैदान रिकामं आणि तुम्ही दोघी. तुमच्या आईनं सकाळीच मला बजावलं होतं, पोरींना एकमेकींवर घालू नका. मला तर ते बघवलंच नसतं. आणि ताईचं ते शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी वयात बसली नसती. तुला अजून दोन संधी होत्या. मी म्हटलं, हिला एक दशांश देऊ. धाकटी काय, पुढच्या वर्षी जाईलच. एका दशांशाचं काय मोठं. तू बूट देऊन टाकशील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. का दिलेस?”

या प्रश्नाची तयारी तिनं केली नव्हती. रागवायला ती मोकळी होती, हक्क होता, आणि राग यावा म्हणून ती क्षणभर थांबलीही. पण आठवली ती शर्यतीच्या दिवसाची पहाट. ती मैदानाच्या मागे जाऊन ओकायची, तोंड धुवून परत यायची, कोणाला सांगायची नाही. घड्याळ कानाला लावणं तिला आवडायचं. धावणं नाही. त्या कागदासमोर उभी असताना दुःखाच्या मागोमाग काय आलं होतं ते तिनं एकतीस वर्षं कोणत्याच खणात टाकलं नव्हतं, आणि ते आत्ता, या गॅलरीत, आपणहून समोर येऊन बसलं. सुटका. दशांशानं हरलेल्या मुलीला पुन्हा धाव म्हणायला कोणी येणार नव्हतं. “मला पळायचंच नव्हतं, बाबा,” ती म्हणाली. “मला वाटतं मला कारण मिळालं.” हे वाक्य तोंडातून गेलं आणि ती स्वतःच चकित झाली, की ते एवढं छोटं होतं.

ताई दारात उभी होती. हातात पुसायचं फडकं, आणि ते ती पिळत होती, जरी ते कोरडंच होतं. धाकटी उठली. “ताई, मी तुझं काही...” “थांब,” ताई म्हणाली. “बाबा, किती होतं माझं?” “तेरा पॉइंट दोन.” “नक्की?” “दोन्ही अंगठे एकदमच खाली गेले. घड्याळं समोरासमोर धरून पाहिली, दोनदा.” ताईनं खुर्ची ओढली आणि बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. धाकटी तिचा चेहरा वाचायला बघत होती आणि तिला तो वाचता येत नव्हता. सवयच राहिली नव्हती. मग ताई बोलू लागली, बाबांकडे न बघता, धाकटीकडेही न बघता, खालच्या रस्त्याकडे बघत. “तिथे पहिल्या दिवशी त्यांनी वेळ घेतली. विजेचं घड्याळ होतं तिथलं, शंभराव्या हिश्शाचं. तेरा चौतीस. सर म्हणाले, प्रवासाचा शीण असेल. हातातल्या घड्याळाहून ते एखादा दशांश जास्त दाखवतं असं ते धरायचे, तेवढं सोडून द्यायचे. पण माझा दहावा हिस्सा कुठे गेला ते काही त्यांना कळेना. महिन्यानं तेरा एकतीस. सहा महिन्यांनी तेरा तीस. मी सुधारत होते गं. आणि तिथल्या वहीत माझ्या नावापुढे लिहिलं होतं, घसरण. कारण वर पहिल्या ओळीत तेरा पॉइंट एक होतं. सर ओरडायचे नाहीत, वाईट तेच होतं. ते मान हलवायचे. म्हणायचे, जी पोरगी गावच्या मैदानावर तेरा एक पळाली ती कुठे गेली? मी तिला शोधायला पहाटे उठायचे. सगळ्यांच्या आधी. एकटी. गुडघा गेला तो तसल्याच एका पहाटे.”

बाबांचे वर धरलेले हात अजून तसेच होते. कोणीतरी काढून ठेवायला विसरल्यासारखे. “हे मला तू कधी सांगितलं नाहीस,” ते म्हणाले. “काय सांगू? तुम्ही हातानं मोजलेलं तेरा एक, आणि मला ते पुन्हा जमत नाही, हे?” धाकटीच्या डोक्यात आकडे पळत होते, ते थांबवता येत नव्हते, आणि खरं सांगायचं तर ती थांबवतही नव्हती. ती ताईच्या समोर जाऊन उभी राहिली. “ताई, ऐक. हाताच्या आणि विजेच्या घड्याळात फरक पडतोच. पिस्तुलाचा धूर दिसल्यावर अंगठा दाबायलाच माणसाला दोनेक दशांश लागतात, म्हणून हातानं घेतलेली वेळ नेहमी कमी येते. तुझं तेरा पॉइंट दोन म्हणजे विजेच्या घड्याळात तेरा चाळीसच्या आसपास. थोडं इकडे, थोडं तिकडे. पाचव्या हिश्शाच्या घड्याळाला त्याहून जास्त सांगायचा हक्कच नाही. आता बघ. चाळीस. मग चौतीस. मग एकतीस. मग तीस.” ती बोटांवर मोजत होती. “तू एक दिवससुद्धा घसरली नव्हतीस. पहिली ओळ खोटी होती. तू पहिल्या दिवसापासून वरच चालली होतीस.”

ताईनं आता तिच्याकडे पाहिलं. धाकटीला वाटलं ती रडेल, आणि रडली तर काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. या घरात शेवटचं कोणी कोणाला जवळ घेतलं ते आई गेली तेव्हा. पण ताईच्या गालावर अगोदर एक खळी उमटली, जी धाकटी विसरूनच गेली होती, आणि मग ती हसायला लागली. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग अख्खी. “दोन वर्षं,” ती हसत म्हणाली, “दोन वर्षं मी त्या बयेच्या मागे पळत होते, आणि ती बया नव्हतीच.” “नव्हतीच,” धाकटी म्हणाली, आणि तिलाही आवरेना. बाबा दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. “हसताय काय,” ते म्हणाले, “मी चूक केली. मोठी केली. दोघींच्या बाबतीत केली.” “केलीत,” ताई म्हणाली. तिनं त्यांचे हात धरून खाली, त्यांच्या मांडीवर ठेवले, आणि हात सोडले नाहीत. “त्यासाठी मी तुम्हाला बघते. आज नाही. आज मला दुसरं काम आहे.” तिनं दवाखान्यात फोन लावला, दुपारच्या दोन्ही पेशंटना दुसरं कोणीतरी घ्या म्हणून सांगितलं, कारण विचारलं तेव्हा म्हणाली, “बहीण आलीय.” मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. निरोप लिहायचा एक कागद शोधला, पेन्सिल शोधली, आणि दोन्ही धाकटीपुढे सरकवून तिच्या शेजारी जमिनीवर बसली; दुखरा गुडघा लांब पसरून, दुसरा पोटाशी घेऊन, अशी ती सतरा वर्षांची असताना बसायची का, ते धाकटीला आठवेना, पण बसायची असणार. धाकटीनं रेघ ओढली, तिच्यावर खुणा केल्या, चाळीस लिहिलं, त्याखाली चौतीस, एकतीस, तीस. प्रत्येक आकड्यापुढे घड्याळाचं पाऊल लिहिलं. चाळीसच्या दोन्ही बाजूंना तिनं एक जाड पट्टा काढला आणि सांगितलं, की खरी वेळ या पट्ट्यात कुठेतरी होती, कुठे ते आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि तरी बहुतेक पट्टा या तीसच्या वरच राहतो. ताईनं पट्ट्यावरून बोट फिरवलं, मग खाली उतरत गेलेल्या तीन ठिपक्यांवरून. तिसऱ्यावर बोट थांबलं. तिला ते सगळं पहिल्याच झटक्यात समजलं होतं, हे धाकटीला दिसत होतं.

“परत सांग,” ताई म्हणाली. “पहिल्यापासून.”